ओटीतला नारळ आणि ताटातला घास

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात महाजन कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नवी सून देवीच्या दर्शनास येते तेव्हा तिची ओटी भरली जाते. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी पदरात घेऊन ती गाभाऱ्यासमोर उभी राहते आणि तिच्यामागे उभे असलेले सारे घर मनोमन एकच मागणे मागत असते. तिची कूस उजवावी, घरात पाळणा हलावा. देवीने ते मागणे ऐकले म्हणजे थाटाने डोहाळजेवण होते. हिरवा चुडा, फुलांची वाडी, पक्वान्नांनी भरलेले ताट, सारे यथासांग होते. पण दुसऱ्या दिवशी तीच सून, घरातील सर्वांची पाने उठल्यावर, भांड्यात उरले असेल ते वाढून घेते. माशाची तुकडी संपलेली असते, उसळीचा रस तेवढा तळाशी राहिलेला असतो. त्या वेळी देवीपुढे केलेल्या मागण्याची आठवण घरात कोणालाच होत नाही.

आजचा विषय या दोन ताटांमधल्या अंतराचा आहे. एक ताट वर्षातून एकदा, सोहळ्याचे, दुसरे रोजचे. पोटातले मूल वाढते ते रोजच्या ताटावर.

वैद्यकशास्त्राने अलीकडे एक हिशेब मांडला आहे. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचे सुमारे २७० दिवस आणि मुलाच्या आयुष्यातील पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून १००० दिवस होतात. या काळात मेंदूची, हाडांची आणि शरीरातील इतर अवयवांची जी घडण होते ती पुढे पुन्हा तशी होत नाही. नंतर कितीही दूधतूप घातले तरी त्या दिवसांतील उणीव पुरी भरून निघत नाही. घराचा पाया घालताना चिरे कच्चे बसले तर पुढे भिंतीला कितीही चुना लावून काय उपयोग, हे आपल्याकडच्या कोणत्याही गवंड्यास ठाऊक आहे.

या हिशेबाचा आरंभ तर दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी होतो. गर्भाच्या मेंदूचा व पाठीच्या कण्याचा मूळ आकार गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटून पुरा होतो. त्या वेळी कित्येक स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची शंकाही आलेली नसते. या घडणीस फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व लागते. म्हणून मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यापासून दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी आणि पहिले तीन महिने ती चालू ठेवावी.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची कथा आपल्या मुंबईतली आहे. लूसी विल्स नावाच्या एक इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. त्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, फळे, दूध यांचे प्रमाण फार थोडे होते. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर त्यांचे रक्त सुधारू लागले, असे त्यांना आढळून आले आणि १९३१ साली त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अर्कात कोणते द्रव्य आहे हे तेव्हा कोणासच माहीत नव्हते. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज जगभर गर्भिणीला जी गोळी दिली जाते तिच्या पाठीशी परळच्या गिरणी-कामगार स्त्रियांचे ते फिकट चेहरे आहेत.

ते फिकट चेहरे अद्याप नाहीसे झालेले नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचे दिसून आले. म्हणजे दोघींपैकी एक. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत हे प्रमाण ६७.१ टक्के होते. हा गरिबाघरचाच रोग आहे, अशी आपली एक समजूत असते. ज्यांच्या घरी दोन वेळचा भात आहे, मासळी आहे, नारळ आहे, त्या घरांतील स्त्रियांचे रक्तही तपासून पाहिले तर कित्येकदा कमीच भरते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर तो पंडुरोग समजतात आणि ७ ग्रॅमच्या खाली गेले तर धोका गंभीर होतो. थकवा, धाप, चक्कर ही त्याची बाहेरची लक्षणे. खरी परीक्षा प्रसूतीच्या वेळी होते. बाळंतपणात थोडाफार रक्तस्राव सर्वांनाच होतो; धडधाकट स्त्रीला तो सोसवतो, आधीच फिकी पडलेल्या स्त्रीला सोसवत नाही. आपल्या देशात मातांचे जे मृत्यू होतात त्यांच्या मुख्य कारणांत हा रक्तस्राव मोडतो. २०१८ ते २०२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. आकडा पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरला आहे, पण ज्या घरातली सून जाते त्या घराला टक्केवारीचे समाधान नसते.

यावरचा उपाय साधा आणि फुकट मिळणारा आहे. चौथ्या महिन्यापासून दररोज एक लोहाची गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, अशा १८० गोळ्या गरोदरपणात घ्यावयाच्या आणि प्रसूतीनंतर आणखी १८०. सरकारी आरोग्य केंद्रात त्या विनामूल्य मिळतात. तरीही असे घडते की, प्रसूतीच्या दिवशी नवरा आणि दीर रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ करीत असतात आणि घरच्या कपाटात गोळ्यांची पाकिटे न फोडता तशीच पडलेली असतात. असे का व्हावे?

कारणे तपासली तर त्यांत निष्काळजीपणापेक्षा भीती अधिक दिसते. गोळीने मळमळते, बद्धकोष्ठ होते, शौचास काळे होते, त्यामुळे औषध बाधले असे वाटते. काळे होणे हे लोहाचेच लक्षण असून त्यात अपाय काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. दुसरी भीती अधिक खोल आहे. गोळ्या आणि पौष्टिक खाणे यांनी मूल फार मोठे होईल व बाळंतपण अवघड जाईल, असे पुष्कळ घरांत मानतात. ज्या काळी दवाखाना दूर होता आणि अडलेल्या बाळंतिणीजवळ वैजिणीखेरीज कोणी नव्हते, त्या काळी ही भीती निराधार नव्हती. म्हणून ती बाळगणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हसण्याचे कारण नाही. परंतु २०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्याचे दिसून आले. मूल लहान राहावे म्हणून आईस अर्धपोटी ठेवण्यात आता दुहेरी नुकसान आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे मूल लवकर आजारी पडते आणि आईही खचते.

लोहाच्या गोळीबरोबर किंवा जेवणाला लागून चहा-कॉफी घेऊ नये. त्यातील द्रव्ये लोहाला शरीरात शिरू देत नाहीत. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करते. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. दोन्ही गोळ्या एकाच वेळी गिळल्या तर लोह पुरेसे अंगी लागत नाही.

आता खाण्याच्या प्रमाणाविषयी. ‘दोन जिवांची आहे, दोघांचे खा’ असे म्हणतात, ते शब्दशः घेऊ नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार गर्भिणीस रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक लागतात. एक नाचणीची भाकरी, एक वाटी उसळ आणि एक पेला दूध एवढ्यात ही गरज भागते. वजनात नऊ महिन्यांत दहा ते बारा किलोंची वाढ पुरेशी मानतात. आधीच स्थूल असलेल्या स्त्रीस त्याहून कमी. प्रथिने मात्र अधिक हवीत, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम जास्त. म्हणून भाताचा ढीग वाढवून उपयोग नाही. मूग, कुळीथ, अळसांदे, चवळी यांची उसळ, दही, दूध, अंडे, मासळी यांनी ताट भरले पाहिजे. आणि डोहाळे पुरविण्याच्या नावाखाली दिवसभर गोडधोड चालू असेल तर तेही आवरावे. गरोदरपणातील मधुमेह आज पुष्कळ आढळतो आणि त्याची तपासणी प्रत्येकीने करून घेणे इष्ट आहे.

आपल्या परसात आणि बाजारात काय मिळते याचा विचार केला तर गर्भिणीला परमुलखातील कोणत्याही डबाबंद पुडीची गरज पडू नये. शेवग्याचा पाला, तांबडी भाजी, पावसाळ्यातला टायकिळा यांत लोह आणि जीवनसत्त्वे आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ आणि गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. तारले, बांगडे, पेडवे ही स्वस्त मासळी मेंदूच्या वाढीस लागणाऱ्या स्निग्धांशाने समृद्ध आहे. मात्र मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांच्या मांसात पारा साठत जातो, तेव्हा गरोदरपणी आणि अंगावर पाजत असताना ती टाळावी. काही घरांत दूध वाढावे म्हणून मुद्दाम मोरी देतात. त्याऐवजी तारल्यांचे हुमण अधिक हिताचे. पपई कच्ची खाऊ नये हे बरोबर आहे; पण पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ पडतो ही भीती निष्कारण आहे.

मिठाविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. गोव्याला मिठागरांची परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. परंतु मिठागरावरच्या जाड्या मिठात आयोडीन पुरेसे नसते आणि आयोडीनच्या अभावी गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास देशात २००६ पासून पुन्हा बंदी आहे. लोणच्याला, मासे खारवायला जाडे मीठ खुशाल वापरावे. गर्भिणीच्या आमटीत आयोडीनयुक्त मीठच पडावे.

आहार आणि गर्भ यांच्या संबंधाविषयी जगाला मार्ग दाखविणारे एक मोठे काम महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. त्या खेड्यांत जन्मलेल्या मुलांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. मुले दिसायला किडकिडीत, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त, असे आढळले; पुढच्या आयुष्यातील मधुमेहाचे बीज यातच असते. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची मुले जन्मतः अधिक भरलेली होती. आणखी एक गोष्ट दिसली. निम्म्याहून अधिक मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होती. हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. ज्या महाजन घरांत मत्स्याहार वर्ज्य आहे, किंवा चातुर्मासात तो बंद असतो, त्या घरांनी गर्भिणीच्या ताटात दूध-दही भरपूर ठेवावे आणि ब-१२ विषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. यात व्रतभंग कोठेही होत नाही. उपवासाचेही तसेच आहे. गर्भिणी, बालक, वृद्ध आणि रोगी यांना व्रताच्या कडकपणातून धर्मशास्त्राने सूट दिलेली आहे. निर्जळी हरतालिका किंवा एकादशी तिने करू नये. तिच्या वाटचे व्रत नवऱ्याने केल्यास देवी रागावणार नाही.

या संदर्भात इंदूरच्या मातीत जन्मलेल्या एका मराठी विदुषीचे स्मरण उचित होईल. कमला सोहोनी या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, स्त्री म्हणून मिळालेला नकार परतवून लावून त्यांनी प्रवेश मिळविला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. पदवी संपादन केली. विज्ञानात हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. परत आल्यावर त्यांनी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी, दूध, तांदूळ अशा सामान्य माणसाच्या अन्नावर संशोधन केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला आणि कुपोषित मुलांना व गर्भिणींना तिचा उपयोग होतो असे दाखविले. आपल्या भोवतालचे साधे अन्न तपासून पाहावे, त्याला तुच्छ मानू नये आणि त्याचे नुसते गोडवेही गाऊ नयेत, हा त्यांच्या कामाचा धडा आहे. घरोघरच्या बाळंतपणाच्या चालींकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

मूल जन्मते. पहिल्या तासात ते आईच्या छातीशी जावे. आईला पहिल्या दोन-तीन दिवसांत जो दाट पिवळसर चीक येतो, तो पूर्वी ‘जड’ म्हणून पिळून टाकीत असत आणि मुलाला मधाचे बोट किंवा साखरेचे पाणी देत असत. गाय व्याली की आपण तिच्या चिकाचा खरवस आवडीने खातो. पण वासराला आधी पाजल्याखेरीज चीक काढू नये, हे गोठ्यातील गडीमाणसालाही कळते. आईचा चीक हे मुलाचे पहिले लसीकरण आहे. मधाविषयी तर स्पष्टच सांगितले पाहिजे. त्यात असणाऱ्या एका प्रकारच्या जंतूंमुळे तान्ह्या मुलास लुळेपणा आणणारा घातक विकार होऊ शकतो. एक वर्ष पुरे होईपर्यंत मध चाटवू नये, सोन्याच्या अंगठीनेही नव्हे. आधी उल्लेखिलेल्या पाहणीत ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या होत्या, परंतु पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुले ४१.८ टक्केच होती. दवाखान्याची खाट मिळाली, पण आईचा पहिला घोट निम्म्याहून अधिक मुलांना वेळेवर मिळाला नाही.

त्यानंतर सहा महिने केवळ आईचे दूध. पाणी नाही, गुटी नाही, वरचे दूध नाही. गुटीबद्दल आजीला वाईट वाटेल. सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, जायफळ यांचे मोजून वेढे देणारा तिचा हात मायेचाच असतो. पण सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतू पोटात जातात, आणि दुधात पाण्याचा पुरेसा अंश असल्यामुळे ऐन वैशाखातही मुलाला वेगळे पाणी लागत नाही. आजीचा तो हात आता दुसऱ्या कामी हवा आहे. सुनेच्या पाठीशी उशी ठेवून तिला पाजायला निवांत बसविणे, ‘तुला दूध पुरत नाही’ हे वाक्य घरात कोणासही उच्चारू न देणे, हे काम आजीखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही. दूध मुलाच्या ओढण्याने वाढते आणि आईच्या मनाच्या स्वस्थतेने उतरते. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने मनाई केली आहे, ती उगाच नव्हे.

बाळंतिणीच्या पथ्याकडे वळू. आपल्या चालींत पुष्कळ चांगले आहे. सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, गरम पाण्याची आंघोळ, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, माहेरचा ओलावा, यांतील काहीही सोडू नये. अळिवात लोह आहे, तीळ-खोबऱ्यात स्निग्धांश आहे. ज्या गोष्टी सोडावयाच्या त्या मोजक्या आहेत. पहिली, पाणी तोडणे. पाजणाऱ्या आईला तहान अधिक लागते आणि तिला लागेल तेवढे पाणी मिळाले पाहिजे. दुसरी, भाजी, फळे, डाळ वातूळ किंवा थंड म्हणून महिनाभर बंद करणे. तिसरी, बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडणे. तो धूर बाळाच्या छातीत जातो.

पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईस रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, म्हणजे गरोदरपणापेक्षाही जास्त. आणि नेमक्या याच काळात तिला मऊ भात आणि तूप-मीठ यांवर ठेवले जाते. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळात ब-१ जीवनसत्त्व जवळपास उरत नाही. आईच्या आहारात ते नसले तर तिच्या दुधातही उतरत नाही, आणि दोन-तीन महिन्यांचे गुटगुटीत दिसणारे मूल एकाएकी हृदय थकून दगावू शकते. यास बालकांचा बेरीबेरी म्हणतात. आपला उकडा तांदूळ या बाबतीत श्रेष्ठ आहे. भात उकडताना कोंड्यातील हे जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि सडल्यावरही बरेचसे टिकून राहते. उकड्या तांदळाची पेज, तीवर कुळथाचे सार आणि तांबडी भाजी, हे बाळंतिणीचे अन्न वाडवडिलांनी दिलेले आहे. त्यातील भाजी आणि सार आपण पथ्याच्या नावाने काढून टाकले, एवढेच.

बाळंतिणीच्या मनाचीही दखल घेतली पाहिजे. प्रसूतीनंतर काही स्त्रिया रडत राहतात, झोपत नाहीत, मुलाकडे पाहत नाहीत. पंधरा दिवसांत हे ओसरले नाही तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘नखरे’, ‘बाहेरचे’ असे म्हणून तिला एकटे टाकू नये.

सहा महिने पुरे होतात आणि अन्नप्राशनाचा दिवस येतो. कित्येक महाजन कुटुंबे लांबून, मुंबई-पुण्याहून, बेळगावहून, बडोद्याहून मूल घेऊन कुलदेवतेच्या दारी येतात आणि देवीच्या प्रसादाची खीर त्याच्या ओठास लावतात. गृह्यसूत्रांनी या संस्काराला सहावा महिना सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने सहा महिने निव्वळ स्तनपान आणि नंतर वरचे अन्न असा निर्णय २००१ साली दिला. परंपरा आणि शास्त्र येथे एकाच पाटावर बसली आहेत. अडचण निराळीच आहे. चांदीच्या वाटीतील खिरीचे बोट लागते, छायाचित्र निघते, आणि घरी परतल्यावर मूल पुन्हा दोन-तीन महिने दूध आणि भाताचे पातळ पाणी यांवरच राहते. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले पाचव्या पाहणीत ११.३ टक्के एवढीच आढळली. नऊ मुलांत एक.

सहा महिन्यांच्या मुलाचे पोट लहान असते. पातळ पेजेने ते भरते, पण मूल पोसत नाही. म्हणून अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. मऊ भात, मुगाची डाळ, कुस्करलेली भाजी आणि वर चमचाभर तूप किंवा तेल. काही दिवसांनी अंड्याचा बलक, काटे नीट काढलेला मासा. आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मधे काही खाऊ. वर्षापर्यंत मीठ-साखर नको. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर तिची खीर कमी पाण्यात सैल होते आणि मुलाच्या लहान पोटात अधिक सत्त्व जाते. फडक्याने गाळून चोथा टाकला तर त्याबरोबर बराच चुना आणि लोहही जाते, तेव्हा बारीक दळून न गाळता द्यावी. बाटली नको, वाटी-चमचा उत्तम, पूर्वीचे बोंडले रोज उकळून घेतले तर तेही चालेल. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. हगवण लागली तर अन्न तोडू नये; मीठ-साखरेच्या पुडीचे पाणी पाजावे, जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी आणि दूध चालूच ठेवावे.

हे सारे घरात कोणी करावयाचे? अंगणवाड्या २ ऑक्टोबर १९७५ पासून देशात सुरू झाल्या. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. पण अंगणवाडीतून मिळालेले आणि बाजारातून आणलेले अन्न अखेर घरच्या वाढणाऱ्या हातांतून जाते. तो हात कोणाच्या पानात आधी जातो, यावर सारे अवलंबून आहे. गर्भिणीने पहिल्या पंगतीस बसावे, एवढा एकच नियम घरच्या कर्त्या पुरुषाने घालून दिला तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

आणि देवस्थानाला तर हे सहज शक्य आहे. महाप्रसादाच्या दिवशी गर्भिणी, लेकुरवाळ्या आणि लहान मुले यांची पंगत सर्वांच्या आधी बसावी. त्या पानांत उसळ आणि भाजी दुसऱ्यांदा वाढली जावी. अग्रशाळेतील एक खोली पाजणाऱ्या मातांसाठी पडदा लावून राखून ठेवावी. अन्नप्राशनाची पावती फाडताना तिच्या पाठीमागे वर सांगितलेल्या आठ-दहा सूचना छापलेल्या असाव्यात, म्हणजे प्रसादाबरोबर त्या घरी जातील. यास फार मोठा निधी लागत नाही. देवीपुढे नारळ ठेवणाऱ्या सर्वांनी मनावर घेतले तर येत्या उत्सवापूर्वी हे होऊन जाईल.

ज्या पदरात आपण ओटी घालतो, त्या पदराच्या धनिणीचे पान आपण उपाशी उठू देणार नाही, असा संकल्प देवीच्या दारी आज प्रत्येक घराने करावा. श्री देवी सर्व मातांना आणि त्यांच्या लेकरांना उदंड आयुरारोग्य देवो.